पडद्यावरचा पत्ता : कुठून मोजायचा?

मुंबई कुठे आहे? भूगोलाच्या पुस्तकात उत्तर मिळते : सुमारे ७३ अंश पूर्व रेखांशावर. हे ७३ अंश इंग्लंडमधल्या ग्रीनिचपासून मोजलेले आहेत. आपल्याकडचे जुने ज्योतिर्विद मात्र रेखांश उज्जैनपासून मोजत. त्या हिशेबाने मुंबई सुमारे ३ अंश पश्चिमेला येते. मुंबई जागची हललेली नाही. मोजणी जिथून सुरू केली ती जागा, म्हणजे आरंभबिंदू, तेवढा बदलला.

संगणकाच्या पडद्यावर वेबपाने तयार करणाऱ्यांनाही हाच प्रश्न रोज पडतो. समजा, नववीच्या मुलांनी जास्वंदीच्या फुलावर एक पान तयार केले आहे. ‘पुंकेसर’ या शब्दावर माऊसने टिचकी मारली, की त्या शब्दाच्या बरोबर खाली माहितीची छोटी चौकट उघडायला हवी. पान नुकतेच उघडलेले असते तेव्हा सारे ठीक चालते. पण पान थोडे वर सरकवून टिचकी मारली, तर चौकट शब्दाखाली न उघडता कुठेतरी वरच उघडते. “सर, प्रोग्रॅम बिघडला,” असे मुले म्हणतात. खरे तर बेरीज-वजाबाकीत कुठेच चूक नसते. चूक कुठे आहे, ते आपण शोधू या.

जागा आधीच का ठरवता येत नाही?

छापील पुस्तकात चित्र कुठे येणार हे छापण्याआधीच ठरते. वेबपानाचे तसे नाही. खिडकी अरुंद केली की ओळी तुटतात आणि मजकूर लांबत जातो. अक्षरे मोठी केली की खालचे सगळे आणखी खाली सरकते. कोणती गोष्ट कुठे बसवायची हे ब्राउझर ऐनवेळी ठरवतो. म्हणून पानाला जोडलेल्या आज्ञावलीला, म्हणजे स्क्रिप्टला, ब्राउझरलाच विचारावे लागते : “अमुक शब्द आत्ता कुठे आहे?” ही स्क्रिप्ट बहुतेक वेळा जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेली असते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ही भाषा तयार केली.

उत्तर पिक्सेलमध्ये मिळते. ‘क्ष’ म्हणजे डावीकडून किती आणि ‘य’ म्हणजे वरून किती. इथे गणिताच्या वर्गातली एक सवय सोडावी लागते. आलेखावर ‘य’ वरच्या दिशेने वाढतो, पडद्यावर तो खालच्या दिशेने वाढतो. आरंभबिंदू असतो डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात. आपण वहीत पहिल्या ओळीपासून खाली लिहीत जातो, तसेच हे आहे.

करून पाहा

पुठ्ठ्याच्या तुकड्यात १० सेंमी रुंद आणि ८ सेंमी उंच अशी खिडकी कापा. आलेख कागदाची ३० सेंमी लांब पट्टी घ्या. पट्टीच्या वरच्या कडेपासून १८ सेंमीवर एक ठळक ठिपका काढा. पुठ्ठा टेबलावर ठेवा आणि पट्टी त्याखालून अशी सरकवा, की खिडकीतून तिचा थोडा थोडा भाग दिसेल. पट्टी म्हणजे वेबपान, पुठ्ठ्यातले भोक म्हणजे ब्राउझरची खिडकी आणि टेबल म्हणजे संगणकाचा पडदा.

सुरुवातीला पट्टीची वरची कड खिडकीच्या वरच्या कडेला जुळवा. ठिपका दिसणार नाही, कारण तो ८ सेंमीच्या पलीकडे आहे. आता पट्टी १२ सेंमी वर सरकवा. ठिपका खिडकीच्या वरच्या कडेपासून ६ सेंमीवर दिसेल : १८ − १२ = ६. पट्टी एकूण २० सेंमी सरकवली तर उत्तर येते −२. ऋण संख्येचा अर्थ इथे डोळ्यांना दिसतो : ठिपका खिडकीच्या वरच्या कडेच्या पलीकडे, २ सेंमी आत लपला आहे. शेवटी पट्टी आणि पुठ्ठा एकत्र धरून टेबलावर सरकवा. कागदापासूनचे आणि खिडकीपासूनचे अंतर तेच राहते, टेबलाच्या कडेपासूनचे मात्र बदलते.

ठिपका एकच, पण त्याचे पत्ते तीन : पानापासूनचा, खिडकीपासूनचा आणि पडद्यापासूनचा.

ब्राउझरही हे तीन पत्ते वेगवेगळे सांगतो. माऊसची एक टिचकी मारली की त्या टिचकीबरोबर स्क्रिप्टला बरेच आकडे मिळतात. ‘पेजवाय’ हा पानाच्या माथ्यापासूनचा, ‘क्लायंटवाय’ हा खिडकीच्या माथ्यापासूनचा आणि ‘स्क्रीनवाय’ हा पडद्याच्या माथ्यापासूनचा. पहिल्यातून दुसरा वजा केला, की पान किती सरकवले आहे ते कळते.

पेटीत पेटी

माऊसचे झाले, पण पानावरच्या शब्दाची जागा कशी विचारायची? याची जुनी रीत समजण्यासारखी आहे. वेबपान म्हणजे एकात एक ठेवलेल्या पेट्या. वाड्यात खोली, खोलीत कपाट, कपाटात खण, तसे. प्रत्येक पेटीला आपण बाहेरच्या पेटीत कुठे आहोत एवढे सांगता येते. त्या आकड्यांना ‘ऑफसेटलेफ्ट’ आणि ‘ऑफसेटटॉप’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरने ते आणले आणि पुढे इतरांनीही स्वीकारले.

समजा, वाडा पानाच्या माथ्यापासून ३०० पिक्सेलवर आहे, खोली वाड्यात १२० वर आणि शब्द खोलीत ३० वर. स्क्रिप्टने आतून बाहेर एकेक पायरी चढत बेरीज करायची : ३० + १२० + ३०० = ४५०. वर्षानुवर्षे असंख्य पानांवर हीच बेरीज चालत असे.

पण या बेरजेत खाचखळगे होते. पहिला भिंतीचा. शब्दाचे अंतर खोलीच्या भिंतीच्या आतल्या कडेपासून मोजलेले असते, तर खोलीचे अंतर तिच्या बाहेरच्या कडेपासून सांगितलेले असते. मधली भिंतीची जाडी कुणीच मोजत नाही. वाड्याची किनार ५ पिक्सेल आणि खोलीची २ पिक्सेल असेल, तर खरे उत्तर ४५७. दुसरा खळगा असा, की प्रत्येक पेटी मोजमापाला धरली जात नाही, काही पेट्या ओलांडून थेट त्यांच्या बाहेरच्या पेटीपासून मोजले जाते. म्हणून पुढची पायरी कोणती, हेही ब्राउझरलाच विचारावे लागते. तिसरा : खोलीतला मजकूर स्वतंत्रपणे सरकत असेल, तर ते सरकणे या आकड्यांत उतरत नाही, ते वेगळे वजा करावे लागते. चौथा : हे आकडे पूर्णांकात मिळतात, त्यामुळे प्रत्येक पायरीवर अपूर्णांक गळतो.

एका प्रश्नात उत्तर

पुढे इंटरनेट एक्सप्लोररमध्येच दुसरी सोय आली. तिचे नाव लांबलचक आहे : ‘गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट’. अर्थ साधा : या घटकाला वेढणारा आयत दे. उत्तरात आयताच्या चार कडा, रुंदी आणि उंची मिळते, तीही अपूर्णांकासह. भिंतींची जाडी, आतल्या पेट्यांचे सरकणे, एवढेच काय, घटक तिरका फिरवला किंवा मोठा केला असेल तर तेही हिशेबात धरलेले असते. ही सोय बाकीच्या ब्राउझरांनीही उचलली (फायरफॉक्समध्ये ती २००८ साली आली) आणि पायऱ्या चढत बेरीज करण्याची गरज बहुतेक संपली.

मात्र नावातला ‘क्लायंट’ हा शब्द विसरू नये. हे अंतर खिडकीच्या माथ्यापासूनचे आहे, पानाच्या माथ्यापासूनचे नाही.

आता जास्वंदीच्या पानाकडे परत जाऊ. मुलांनी शब्दाची जागा या नव्या रीतीने विचारली. पान २०० पिक्सेल सरकवलेले असताना उत्तर आले ४५७ − २०० = २५७. तोच आकडा त्यांनी माहितीच्या चौकटीला दिला. पण चौकट थेट पानात ठेवलेली होती, म्हणून ब्राउझरने तिच्यासाठी २५७ हे अंतर पानाच्या माथ्यापासून मोजले. साहजिकच ती २०० पिक्सेल वर गेली. पान सरकवलेले नसताना दोन्ही आरंभबिंदू एकाच जागी असतात, म्हणून तोवर चूक दिसली नाही. उपाय एका बेरजेचा : मिळालेल्या उत्तरात ‘स्क्रोलवाय’, म्हणजे पान सरकवल्याचे अंतर, मिळवायचे. २५७ + २०० = ४५७. त्यात शब्दाची उंची मिळवली, की चौकट शब्दाच्या बरोबर खाली.

उत्तर किती वेळ खरे?

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मिळालेले उत्तर विचारले त्या क्षणाचे असते. वरचे एखादे चित्र उशिरा उतरले, तर खालचा मजकूर ढकलला जातो आणि जपून ठेवलेला आकडा शिळा होतो. म्हणून चित्राची रुंदी-उंची आधीच लिहून त्याची जागा राखून ठेवावी आणि घटकाची जागा गरज पडेल तेव्हाच विचारावी. उगाच पुन्हा पुन्हाही विचारू नये. पानात बदल करून लगेच जागा विचारली, तर ब्राउझरला सगळी मांडणी त्याच वेळी नव्याने करावी लागते. हजार घटकांसाठी असे एकाआड एक केले, तर पान अडखळू लागते. आधी सगळे मोजून घ्यावे, मग सगळे बदल करावेत.

वर्गात निर्देशक भूमिती शिकवताना आपण (३, ४) हा बिंदू फळ्यावर दाखवतो. फळ्यावर आरंभबिंदू एकच असतो, म्हणून ‘कुठून?’ हा प्रश्न मुलांना सहसा पडतच नाही. पुठ्ठ्याची खिडकी आणि कागदाची पट्टी त्यांच्या हातात द्या आणि मग विचारा : “ठिपका ६ वर आहे की १८ वर?” भांडण जुंपेल. दोन्ही बाजू बरोबर आहेत हे त्यांचे त्यांना उमगले, की जास्वंदीच्या पानावरची चूकही ती स्वतःच शोधतील.