कुलूप नसलेला स्विच

११ डिसेंबर २००५. इंग्लंडमधल्या बन्सफिल्ड तेल डेपोत टाकी क्रमांक ९१२ मध्ये पेट्रोल भरत होतं. पहाटे गेज अडकला, पातळीचा आकडा हलेना. अशा वेळेसाठीच वेगळा हाय-लेव्हल स्विच होता. टाकी भरत आली की त्याने आवक तोडायची. तो चाललाच नाही. पेट्रोल उतू गेलं, वाफेचा ढग पसरला, स्फोट झाला. ४० हून अधिक जखमी.

स्विच मोडला नव्हता बरं का! त्याला चाचणीसाठी एक दांडी होती आणि ती कामाच्या जागी धरून ठेवायला कुलूप लागायचं. कुलूप नुसतं छेडछाड टाळायला आहे असा समज झाला, म्हणून ते लावलंच नव्हतं.

आता नेहमीचं सूत्र बघा. ऐनवेळी यंत्रणा न चालण्याची सरासरी शक्यता म्हणजे लपलेल्या धोकादायक बिघाडांचा दर गुणिले दोन चाचण्यांमधला काळ, भागिले २. दर वर्षाला ०.०२ असेल, तर वार्षिक चाचणीत ०.०१, चार वर्षांनी चाचणी घेतली तर ०.०४. सोपं आहे. पण चाचणीनंतर स्विच पूर्ववत झाला, हे त्यात गृहीत आहे. पहिल्या वर्षी मी ते वाचून सरळ पुढे गेले होते. तुम्ही मॉडेल बांधाल तेव्हा ‘चाचणीनंतर यंत्रणा बंदच राहिली’ यासाठी वेगळं पद ठेवा. चाचण्या वाढवून ते घटत नाही.