इंडिकेटर बंद पडला म्हणून स्विच बदलू नका

जुन्या पिकअपचा इंडिकेटर बंद पडला की बहुतेकांचा संशय आधी स्टिअरिंगखालच्या स्विचवर जातो. अमेरिकेत १९६७ ते १९७२ या वर्षांत निघालेल्या शेव्हरोले सी-१० चं उदाहरण घेऊ. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीतला प्लास्टिकचा स्विच झिजलाच असणार, असा साधा हिशेब मांडला जातो. झिजतो, हे खरंच. पण त्या मंडलात स्विचखेरीज बल्ब, होल्डर, फ्लॅशर, फ्यूज आणि अर्थिंग एवढ्या जागा आहेत, आणि गंज स्विचपेक्षा मागच्या दिव्यांच्या होल्डरला कितीतरी आधी गाठतो. स्विच काढायचा तर पुलरने स्टिअरिंग व्हील उतरवावं लागतं. एवढा खटाटोप करण्याआधी दोष कुठे आहे ते तपासता येतं, आणि त्यासाठी लागणारा पुरावा गाडी स्वतःच देते.

हा पुरावा वाचण्याआड येणारा मोठा गैरसमज म्हणजे ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर यांचा एकमेकांशी संबंध नाही. आपल्याकडच्या गाड्यांत मागे पिवळा इंडिकेटर वेगळा असतो, म्हणून तसं वाटणं स्वाभाविक आहे. सी-१० मध्ये मात्र मागच्या लाल दिव्यातली एकच फिलामेंट दोन्ही कामं करते, आणि ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या स्विचमधूनच मागे जातो. पांढरी वायर ब्रेकचा करंट आणते, जांभळी फ्लॅशरचा. डावीकडच्या मागच्या दिव्याला पिवळी वायर जाते, उजवीकडच्या दिव्याला गडद हिरवी. दांडा मधोमध असताना पांढरी वायर दोन्ही दिव्यांना जोडलेली असते. दांडा डावीकडे केला की पिवळी वायर जांभळीला जोडली जाते आणि ब्रेक फक्त उजव्या दिव्याकडे उरतो. आता दांडा मध्ये ठेवून ब्रेक दाबला, दोन्ही दिवे लागले, पण इंडिकेटर कुठल्याच बाजूला चालत नसेल, तर मागचे बल्ब, वायर आणि अर्थिंग शाबूत आहेत. आधी फ्यूज आणि फ्लॅशर पाहायचा. याउलट ब्रेक दाबल्यावर डावा दिवा लागत नाही, उजवा लागतो, आणि दांडा डावीकडे केल्यावर तोच डावा दिवा नीट लुकलुकतो, असं दिसलं तर मात्र दोष स्विचमधल्या कॉन्टॅक्टचाच. तेव्हा नवा स्विच खुशाल मागवा.

यावर कोणी म्हणेल, एवढी तपासणी कशाला, स्विच आणि सगळं वायरिंग एकदमच नवं टाकू. इन्सुलेशन तडकून गळत असेल तर हा निर्णय योग्यच आहे. पण नवं वायरिंग अर्थिंग सुधारत नाही, कारण परतीचा करंट होल्डरच्या पत्र्यातून, हौद्यातून आणि गंजलेल्या बोल्टमधून चेसिसकडे जातो. तिथली वाट तुटली की इंडिकेटरचा करंट त्याच बल्बच्या पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, आणि भलतेच दिवे मंद लुकलुकू लागतात. हे लक्षण पाहून नवा स्विच घेणाऱ्याला नव्या स्विचनंतरही तेच दिवे तसेच लुकलुकताना दिसतील. त्यावर उपाय म्हणजे होल्डर आणि बोल्ट घासून घेणं, किंवा होल्डरपासून चेसिसपर्यंत वेगळी अर्थ वायर टाकणं.

फ्लॅशरबद्दलही असाच घोळ आहे. जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो: करंटने आतली द्विधातूची पट्टी तापते, वाकते, संपर्क तुटतो, आणि थंड झाली की पुन्हा जुळतो. एका बाजूचा एक बल्ब गेला की करंट घटतो, पट्टी पुरेशी तापत नाही आणि लुकलुकणं मंदावतं किंवा थांबतं. एलईडी बल्ब बसवल्यावर इंडिकेटर लुकलुकत नाही तोही याच कारणाने; तिथे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हवा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणं तर घातकच. इंडिकेटरची फिलामेंट साधारण २७ वॅटची, म्हणजे १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास. पुढचा आणि मागचा मिळून चार-साडेचार. एवढ्या भारावर योग्य मापाचा फ्यूज उडत असेल तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आहे. मोठा फ्यूज ती वायर वाचवत नाही, जाळतो.

जिथे वायर खरोखर बदलायची, तिथे सोल्डर लावलं की सांधा कायमचा पक्का, हेही पूर्ण खरं नाही. सोल्डर तारांच्या आत झिरपून त्यांना ताठ करतं, आणि धक्क्यांनी वायर त्या ताठ भागाच्या कडेला तुटू शकते. योग्य पकडीने दाबलेला लग आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी हा चालत्या गाडीत अधिक भरवशाचा सांधा. काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण केबल मात्र न चुकता काढा. आणि नवा स्विच मागवण्याआधी कोणाला तरी पिकअपच्या मागे उभं करून एकदा ब्रेक दाबून पाहा.