प्रिलिमचे पेपर परत देताना

डिसेंबर-जानेवारीत दहावीच्या वर्गात प्रिलिमचे तपासलेले पेपर परत मिळतात. वर्षभरातला हा सगळ्यात नाजूक तास, आणि त्याचा विचार शाळांमध्ये सगळ्यात कमी होतो. गुण मोठ्याने वाचले जातात, पहिल्या पाचांसाठी टाळ्या होतात आणि मग एक वाक्य येतं : ‘बाकीच्यांचं बोर्डात काय होणार, ते दिसतंच आहे.’ बोलणाऱ्या सरांच्या किंवा बाईंच्या मनात काळजीच असते. पण ऐंशीपैकी बावीस मिळालेल्या मुलाला त्या वाक्यात आपला निकाल ऐकू येतो, तोही बोर्डाचा पहिला पेपर लिहिण्याआधी.

परीक्षेच्या ताणासाठी शाळा काय करते, असं विचारलं की बहुधा फेब्रुवारीतल्या एखाद्या व्याख्यानाकडे बोट दाखवलं जातं. पाहुणे येतात, ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतात, निघून जातात. माझ्या मते ताण हलका करण्याचं खरं काम विषय शिकवणाराच करू शकतो आणि ते जूनपासून करावं लागतं. चाचणी कशी घेतली आणि पेपर कसा परत दिला, यावर त्यातलं बरंचसं ठरतं.

‘घरी सगळं येत होतं, पेपरात आठवलंच नाही’ असं मूल सांगतं तेव्हा आपण ती सबब समजतो. पुष्कळदा ते अगदी खरं असतं. गणित सोडवताना आधीची पायरी, सूत्र, हातचा हे सगळं मनात एकाच वेळी धरून ठेवावं लागतं आणि मनातली ही जागा फार थोडी असते. ‘नापास झालो तर बाबा काय म्हणतील’ हा विचार तीच जागा अडवतो. थोडा ताण कामाचा असतो, हेही खरं. यर्कीस आणि डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी १९०८मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की काम जितकं अवघड, तितका जास्तीचा ताण लवकर बाधतो. अभ्यासात कच्च्या मुलाला प्रत्येकच प्रश्न अवघड वाटतो. म्हणजे दम देऊन सगळ्यात मोठं नुकसान त्याचंच होतं.

मग करायचं काय? चाचण्या कमी करायच्या? उलट, वाढवायच्या, पण त्यांना गुण नकोत. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र चित्र पालटलं : आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ५६ टक्के मजकूर होता, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. पुढे २०१४मध्ये अमेरिकेतल्या चौदाशेहून अधिक शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यांच्या वर्गांत अशा छोट्या चाचण्या नेमाने होत असत. त्यांतल्या ७२ टक्के मुलांनी सांगितलं, की या सरावामुळे मोठ्या परीक्षेची धास्ती कमी झाली.

आपल्याकडे साठ-सत्तर मुलांच्या वर्गातही हे जमतं. तास सुरू झाला की पुस्तकं बंद, वहीचं शेवटचं पान उघडायचं. फळ्यावर तीन प्रश्न : एक कालच्या धड्यावर, एक गेल्या आठवड्यातला, एक दिवाळीआधीचा. पाच मिनिटांत लिहायचं आणि आपलं आपणच तपासायचं. सरांनी वही मागायची नाही, नोंद करायची नाही. दोन-तीन महिने हे चाललं की ‘चाचणी’ म्हटल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती पसरेनाशी होते. शिक्षकाचे तपासायचे गठ्ठेही वाढत नाहीत.

आता प्रिलिमच्या पेपरांकडे येऊ. गुण ज्याचे त्याला कळावेत, बस्स. पेपर हातात दिल्यावर मुलांनी गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहावं : येतच नव्हतं, येत होतं पण वेळ पुरला नाही, की प्रश्नच नीट वाचला नाही. बावीसवाल्या मुलाच्या पेपरात आकृतीला नावं दिलेली नसतात, पत्रलेखनाला हात लावलेला नसतो, शेवटचा सबंध प्रश्न सुटलेला असतो. ‘अरे, हे आठ-दहा गुण तुझेच आहेत, फक्त तू ते उचलले नाहीस,’ असं त्याच्याजवळ बसून कुणी दाखवलं, तर त्याला पुढच्या महिन्याचं काम दिसतं. ‘अभ्यास वाढव’ यातून ते दिसत नाही.

निम्मी धास्ती तर अनोळखीपणाची असते. केंद्र बहुतेकदा दुसऱ्या शाळेत. पर्यवेक्षक परके. खेड्यातल्या मुलीला सकाळची एसटी चुकेल, ही भीती भूमितीपेक्षा मोठी असते. म्हणून एक सराव पेपर अगदी बोर्डासारखा घ्यावा : बैठक क्रमांक, बारकोडचं स्टिकर, पुरवणी मागून ती बांधणं, पर्यवेक्षकांची सही. प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी देणं मंडळाने २०२३पासून बंद केलं आणि ती दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली. ती कशी वापरायची, याचाही सराव व्हावा. आदल्या दिवशी वर्गशिक्षकांनी मुलांना केंद्र दाखवून आणलं तर फारच उत्तम.

पेपराच्या तोंडावर छाती धडधडली तर ‘घाबरू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘शरीर कामाला लागलंय, होऊ दे’ म्हणावं. असं समजावून सांगितलेल्या विद्यार्थ्यांनी गणितात अधिक चांगली कामगिरी केल्याचं २०१०च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. मनातली काळजी दहा मिनिटं कागदावर उतरवून पेपराला बसण्याचा उपायही २०११मध्ये गाजला. पुढे सगळ्यांनाच तसा परिणाम मिळाला नाही, तरी प्रिलिमच्या आधी करून बघायला हरकत नाही. तो कागद मात्र कुणी वाचू नये.

काही मुलांची भीती मात्र सरावाने जाणारी नसते. अक्षरं उलटसुलट होतात, तोंडी उत्तर पक्कं पण लिहिताना गाडी अडते. ही अध्ययन अक्षमता असू शकते. आळस म्हणून तिच्यावर शिक्का मारणं अन्यायाचं आहे. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. पण तपासणी आणि प्रमाणपत्राला वेळ लागतो. दहावीच्या जानेवारीत लक्षात येऊन काय उपयोग? आठवीतल्या भाषेच्या शिक्षकालाच ते आधी दिसतं.

आणि जे मूल जेवत नाही, झोपत नाही, एकाएकी गप्प झालंय किंवा ‘मी नसलो तर बरं’ असं काही बोलतंय, त्याच्या बाबतीत वाट बघायची नाही. २०२२मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय नोंद आहे, आणि राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. शिक्षकाने त्या मुलाला एकटं सोडू नये, शांतपणे ऐकावं, आईवडिलांना त्याच दिवशी बोलवावं आणि समुपदेशकाशी गाठ घालून द्यावी. समुपदेशक नसेल तर टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवाच, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितलं आहे. मुख्याध्यापकांकडे त्याचा आग्रह धरणं हा शिक्षकांचा हक्क आहे.

शंभर टक्के निकालाचा फलक लावायचा म्हणून शिक्षकांवर जो दबाव येतो, तो शेवटी मुलांपर्यंत पोहोचतो. संस्थाचालकांनी याचा विचार करायला हवा. शिक्षकांनी आपल्यापुरतं एवढं करावं, की पुढच्या वाटा परीक्षेच्या आधीच वर्गात उघड सांगाव्यात : दोन विषयांपर्यंत राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षाही त्याच वर्षी होते. हे निकालानंतर सांगितलं तर मुलाला ती नुसती समजूत वाटते, आधी सांगितलं तर ती माहिती असते. निकाल दुपारी ऑनलाइन लागतो. त्या दुपारी वर्गशिक्षकांनी पहिला फोन पहिल्या आलेल्या मुलीला करू नये. तिला दिवसभर फोन येणारच आहेत. ज्याचे विषय राहिले त्याला आधी करावा आणि पुरवणीचा फॉर्म कधी भरायचा, कोणत्या दिवशी शाळेत यायचं, ते त्याच फोनवर ठरवून टाकावं.