श्रेयांकांचे मान आणि अंतिम श्रेणी

गेल्या काही वर्षांत आपल्या वैद्य परिवारांतील अनेक मुले-मुली पुढील शिक्षणासाठी ब्रिटनला जाऊ लागली आहेत. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची कन्या बी.ए.एम.एस. झाल्यावर सार्वजनिक आरोग्य विषयात एम.एस्सी. करण्यासाठी तेथील एका विद्यापीठात गेली. सर्व गुण हाती येताच तिने घरी कळविले, ‘सरासरी बरोबर ७०, म्हणजे डिस्टिंक्शन!’ पेढे वाटले गेले. पुढे अंतिम निकाल आला तो मात्र ‘मेरिट’चा. अन्याय झाला या समजुतीने वैद्यराज गुणपत्रक घेऊन आमच्याकडे आले. गुणपत्रक तपासता चूक विद्यापीठाची नसून सरासरी काढण्याच्या रीतीची आहे, हे आमच्या ध्यानी आले.

ब्रिटनमध्ये प्रत्येक विषयाला, म्हणजे मॉड्यूलला, ठराविक श्रेयांक असतात. एक श्रेयांक म्हणजे साधारणतः १० तासांचे अध्ययन. पदव्युत्तर एम.एस्सी. १८० श्रेयांकांची असते. या अभ्यासक्रमात २० श्रेयांकांचे सहा विषय आणि ६० श्रेयांकांचा एक प्रबंध होता. अर्थात एकटा प्रबंध तीन विषयांच्या तोलाचा.

सहा विषयांतील गुण ७४, ७०, ७२, ६९, ७३ व ६८, बेरीज ४२६. प्रबंधाचे गुण ६४. मुलीने ४९० या एकूण बेरजेला सातने भागले आणि ७० हे उत्तर काढले. योग्य रीत अशी, की प्रत्येक गुणास त्याच्या श्रेयांकांनी गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी व तिला एकूण श्रेयांकांनी भागावे. सहा विषयांचे ४२६ × २० = ८५२०; प्रबंधाचे ६४ × ६० = ३८४०; बेरीज १२३६०. तिला १८० ने भागता येतात ६८.६७. तेथे बहुधा ७० पासून डिस्टिंक्शन, ६० पासून मेरिट व ५० पासून उत्तीर्ण मानतात. निकाल बिनचूक होता.

वैद्यमंडळींना हे समजणे कठीण नाही. सितोपलादि चूर्णात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ भाग. पाचही द्रव्ये समभाग घेतली तर ते सितोपलादि राहील काय? द्रव्यांची संख्या मोजून योग सिद्ध होत नाही, त्यांचे मान पाहावे लागते. गुणपत्रकाचेही तसेच आहे.

खरी हळहळ पुढेच आहे. हाच हिशेब उलट मांडून आधीच करता आला असता. ७० च्या सरासरीसाठी ७० × १८० = १२६०० हवेत. त्यांतून ८५२० वजा करता उरतात ४०८०. त्यांस ६० ने भागता ६८. म्हणजे प्रबंधात ६८ गुण आवश्यक होते. ‘सातांतील हा एक विषय’ असे समजून मुलीने प्रबंधाच्या महिन्यांत सायंकाळची नोकरी वाढवून घेतली होती. चार गुणांचे अंतर तिला त्याच वेळी दिसले असते, तर तिने निराळा विचार केला असता.

येथे एक सावधगिरी बाळगावी. नियम विद्यापीठागणिक भिन्न असतात. काही ठिकाणी डिस्टिंक्शनसाठी प्रबंधातही स्वतंत्रपणे ठराविक गुण लागतात. अपूर्णांक पूर्ण करण्याची रीतही वेगळी असते. तीन वर्षांच्या पदवीत बहुधा पहिल्या वर्षाचे गुण अंतिम श्रेणीत धरीत नाहीत आणि तिसऱ्या वर्षास अधिक भार देतात. म्हणून प्रवेश घेताच नियमावली वाचावी. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ सालच्या श्रेयांकपद्धतीत श्रेणीगुणांना श्रेयांकांनी गुणूनच सरासरी काढली जाते. तेव्हा हा हिशेब केवळ परदेशी जाणाऱ्यांचा नव्हे.

कागद पाहून वैद्यराज बराच वेळ स्तब्ध होते. मग म्हणाले, ‘तक्रारीचे पत्र लिहून ठेवले आहे, ते आता फाडतो. मुलीला आजच फोन करतो. मेरिटचेही अभिनंदन अजून कोणी केलेले नाही.’