इंग्रजी वाक्यात शब्दाची जात कशी ओळखायची? 4 सोप्या युक्त्या



बीड, अंबाजोगाई, परळी, कुठल्याही अभ्यासिकेत जा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी दिसतील. 2023 च्या तलाठी भरतीत 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते, म्हणजे 200 पैकी 50 गुण. एका-दोन गुणांनी निवड हुकते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून आज पार्ट्स ऑफ स्पीच, म्हणजे शब्दांच्या जाती, समजून घेऊ.

मला दिसतं ते असं, की बरेच जण याद्या पाठ करतात. वॉटर म्हणजे नाम, संपलं! पण ही दोन वाक्यं बघा:

देअर इज वॉटर इन माजलगाव डॅम.
फार्मर्स वॉटर द क्रॉप्स.

पहिल्या वाक्यात वॉटर नाम आहे, दुसऱ्यात क्रियापद. शब्द तोच, काम वेगळं. मराठीत आपण 'पिकाला पाणी देतात' म्हणतो, म्हणजे 'देणे' हे क्रियापद वेगळं जोडतो. 'कॉल कर', 'सेव्ह कर' यातही तसंच. इंग्रजीत मात्र तोच शब्द जागा बदलून क्रियापद होतो. म्हणून लक्षात ठेवा: जात शब्दाला नसते, वाक्यातल्या त्याच्या कामाला असते.

युक्ती 1: वाक्य भूतकाळात न्या
जो शब्द बदलतो तो क्रियापद. फार्मर्स वॉटर्ड द क्रॉप्स. इथे वॉटर बदलला. पहिल्या वाक्यात 'इज'चा 'वॉज' होतो, वॉटर तसाच राहतो.

युक्ती 2: अ, ॲन, द, माय शोधा
यांच्या पुढे नाम येणारच. मध्ये एखादा शब्द असेल तर तो बहुतेक विशेषण. 'माय न्यू फोन' यात न्यू विशेषण, फोन नाम.

युक्ती 3: मराठीत उलटं करून बघा
आपण 'टेबलावर' म्हणतो, 'वर' शेवटी. इंग्रजीत 'ऑन द टेबल', ऑन आधी. मराठीत नामाच्या मागे चिकटणारा वर, खाली, साठी असा शब्द इंग्रजीत नामाच्या पुढे दिसला की तो प्रिपोझिशन.

युक्ती 4: कोणाबद्दल सांगतो ते विचारा
'द परळी बस इज लेट' यात लेट बसबद्दल सांगतो, म्हणून विशेषण. 'द बस केम लेट' यात येण्याबद्दल सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. शेवटी 'ली' दिसला की क्रियाविशेषण, असं डोळे झाकून ठरवू नका. 'फ्रेंडली' हे विशेषण आहे.

फोनची मदत कशी घ्यायची?
डिक्शनरी ॲपमध्ये 'लाइक' शोधा. नाम, क्रियापद, प्रिपोझिशन अशी लेबलं एकाखाली एक दिसतील. पहिलं लेबल उचलू नका, आधी वाक्य वाचा. 'आय लाइक धिस फोटो' यात क्रियापद, 'युवर फोन इज लाइक माइन' यात प्रिपोझिशन, 'हंड्रेड लाइक्स' यात नाम.

कॉम्प्युटरही हेच काम करतो. त्याला पीओएस टॅगिंग म्हणतात. शाळेत आपण 8 जाती शिकतो, पण 'युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज' या जागतिक प्रकल्पात 17 आहेत, आणि त्यात मराठी वाक्यंही आहेत. शब्दाची जात ठरवताना प्रोग्रामही आजूबाजूचे शब्द बघतो, अगदी आपल्यासारखाच.

आता सराव. फोनवर 'न्यू अपडेट अव्हेलेबल' असं येतं आणि खाली बटन असतं 'अपडेट नाऊ'. दोन्ही 'अपडेट'ची जात सांगा बरं!

उत्तर: पहिला 'न्यू'च्या पुढे आलाय, म्हणून नाम. दुसरा 'आत्ता कर' असं सांगतोय, म्हणून क्रियापद. रोज फोनवरची अशी 5 वाक्यं तपासा. यादी पाठ करायची गरजच उरणार नाही.