आपल्या माणसाची बाजू घ्यायची, पण कुठवर?

'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण आपण हसत वापरतो. पण जमातीसमोर तंटा आला की कधी कधी निवाडाही तसाच होतो. सासरी मुलीला नांदवत नाहीत अशी तक्रार आली, तर पहिला प्रश्न असतो, "मुलगा कुणाचा?"

ही वृत्ती जुनीच. इस्लामपूर्व काळात मक्केच्या आसपास ना राजा होता, ना कोर्ट. टोळी हेच संरक्षण. त्यामुळे आपला माणूस चूक असो की बरोबर, त्याच्यासाठी तलवार उपसणं कर्तव्यच मानलं जाई. या निष्ठेला अरबीत 'असबिय्या' म्हणतात. इब्न खल्दून (१३३२-१४०६) यांनी 'मुकद्दिमा'त मांडलं, की वाळवंटातल्या खडतर जगण्यात ही एकी घट्ट होते आणि शहरी ऐषारामात सैल पडते.

पण त्याच मक्केत वेगळंही घडलं. एका कुरैशी सरदाराने येमेनी व्यापाऱ्याचा माल घेतला, पैसे बुडवले. तेव्हा कुरैशच्याच काही घराण्यांनी 'हिल्फुल फुजूल' हा करार केला: अन्याय कुणावरही होवो, आम्ही पीडिताच्या बाजूने. तरुण मुहम्मद (स.) त्यात सामील होते. प्रेषित झाल्यावरही त्यांनी या कराराचं कौतुक केलं.

पुढे त्यांनी शिकवलं, की जुलूम करणाऱ्या भावालाही मदत करा, म्हणजे त्याचा हात धरा. आपल्या लोकांवर प्रेम करणं ही असबिय्या नव्हे; त्यांच्या जुलमात साथ देणं ही असबिय्या.

म्हणून तक्रार आली की "मुलगा कुणाचा?" हे नंतर. आधी विचारूया, "झालं काय?"