पेन्सिलीपासून ओळख क्रमांकापर्यंत

सात-बारावर लिहिलेला प्रत्येक खाते क्रमांक आठ-अ या खातेवहीत सापडलाच पाहिजे, ही अट संगणकाच्या फार आधीची. डेटाबेसमध्ये तिला संदर्भ-अखंडता म्हणतात. आठ-अ हा मूळ तक्ता आणि सात-बारा त्यावर विसंबलेला. दोघांना बांधते ती ‘फॉरेन की’. अमरावती-अकोल्यात १९२८चा वऱ्हाडचा महसूल कायदा गेला, १९६६ची जमीन महसूल संहिता आणि १९७१चे अधिकार अभिलेखाचे नियम आले. अट कायम राहिली.

हाती लिहिलेल्या दप्तरात ती पाळायची रीत चोख होती. पटवारी गाव नमुना सहामध्ये फेरफार लिही, सात-बारावर पेन्सिलीने नोंद घेई आणि हितसंबंधितांना नोटीस देई. हरकतीची मुदत सरून मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला की पेन्सिलीवर शाई चढे. रद्द केला तर नोंद पुसली जाई. ट्रान्झॅक्शन म्हणजे हेच: सगळे बदल एकदम पक्के, नाहीतर एकही नाही. मयत खातेदाराचे नाव खोडले जात नसे, कंसात जाई आणि वारस पुढे लागत. मूळ ओळ काढली की तिच्यावर विसंबलेल्या ओळीही आपोआप नाहीशा करणारा ‘कॅस्केड’ महसुलाने कधीच मानला नाही, आणि ते योग्यच होते.

खरी कसोटी खातेफोडीची. सामाईक खाते मोडून भावांची दोन खाती करताना, जुने खाते आधी काढले तर त्याची शेते क्षणभर बेवारस होतात. मायएसक्यूएलचे इनोडीबी किंवा एसक्यूएल सर्व्हर तिथेच अडवतात: नवी खाती उघडा, शेते तिकडे वळवा, मग जुने काढा, हाच क्रम. ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये तपासणी कमिटपर्यंत, म्हणजे बदल पक्के होण्याच्या क्षणापर्यंत, लांबवता येते. मधली अवस्था चालते, शेवटी मात्र हिशेब जुळावाच लागतो. मंडळ अधिकारी तेच करी. एकाने शेत जोडत असताना दुसऱ्याने ते खाते पुसू नये म्हणून डेटाबेस मूळ ओळीला कुलूप लावतो. पोस्टग्रेसचे हे कुलूप पूर्वी इतके घट्ट होते की त्याच खात्यावरची दुसरी नोंदही खोळंबे. २००५ आणि २०१३च्या आवृत्त्यांनी ते सैल केले.

मग आले संगणकीकरणाचे दशक, आणि जे बिघडले ते इथे. जुनी माहिती घाऊक भरताना कोणत्याही डेटाबेसमध्ये अटी बंद ठेवण्याचा मोह होतो. पुढे अट लावली तरी ती नव्या नोंदींपुरती लावता येते; जुने तुटलेले दुवे तसेच राहतात. शिवाय फॉरेन की एवढेच पाहते की क्रमांक अस्तित्वात आहे का. शेजाऱ्याचा खाते क्रमांक टंकला गेला तर तिच्या लेखी सारे ठीक. ही चूक पकडायला गाव लागते. २०१७मध्ये चावडी वाचन घ्यावे लागले ते म्हणूनच: हस्तलिखित आणि संगणकीय उतारे जुळत नव्हते. १ मे २०१८ला डिजिटल सहीचा सात-बारा आला; सही उताऱ्याची खातरी देते, मजकुराची नाही.

१५ एप्रिल २०२५पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्यासाठी जुळावे लागणारे आधारवरचे नाव, सात-बारावरचे नाव आणि योजनेची यादी वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये राहतात. फॉरेन की एका डेटाबेस सर्व्हरची वेस ओलांडत नाही. वेगवेगळ्या सरकारी खात्यांच्या यंत्रणांना एकच कमिटही नसते. नाव जुळले नाही तर अडतो तो शेतकरी, आणि लेखनप्रमाद दुरुस्त करायला संहितेच्या कलम १५५खाली त्यालाच तहसीलला अर्ज घेऊन जावे लागते.